निळ्या कोटातले कास्तकार

त्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातले जेवढे प्रगतिशील शेतकरी छापले गेले, ते सगळे एकच कोट घालून होते, आणि तो कोट माझा होता. माझा म्हणजे माझ्या फोटो स्टुडिओचा. मी तो स्वतः कधी घातला नाही, कारण पोटावर बसत नसे. निळा, टेरिकॉटचा, मधली गुंडी तुटलेली. आरशाशेजारच्या खिळ्यावर तो बारा महिने लटकलेला असायचा आणि नेरच्या बाजाराला आलेला माणूस फोटो काढायला बसला, की फणी आणि पावडरच्या डब्याबरोबर तोही मागायचा. ओळखपत्राला कोट, सोसायटीच्या फोटोला कोट, आणि सोयरिकीसाठी पाठवायच्या फोटोला तर कोट हवाच. खाली धोतर असो, पायजमा असो, फोटो कमरेच्या वरचा काढायचा असतो, ही या धंद्यातली मोठी सोय आहे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि वाचून बरं वाटावं असं एकदाही यायचं नाही. पण कापूस जितका पडेल तितकी बियाण्याची जाहिरात चढायची. भिंती रंगल्या, बसस्टँडवर फलक लागले, जीपवर भोंगे बांधून गावोगाव आरोळ्या सुरू झाल्या. आणि एका दिवाळीत बियाण्याच्या एका कंपनीचे साहेब माझ्या दुकानात आले. त्यांना कार्डं करायची होती. खेळायच्या पत्त्याएवढी, गुळगुळीत, बियाण्याच्या प्रत्येक पिशवीत एक. पुढच्या बाजूला बोंडांनी लदलेल्या झाडाजवळ हसरा शेतकरी, मागच्या बाजूला गाव, तालुका आणि एकरी किती क्विंटल ते.

"आणि नाव?" मी विचारलं.

"नाव नको," साहेब म्हणाले. "नाव आलं की आडनाव आलं. आडनाव आलं की लोक बी विसरतात आणि भलताच हिशोब करत बसतात. गाव पुरे."

"बायकांचे फोटो घ्यायचे का? वेचणी तर त्याच करतात."

"बाईचा फोटो टाकला की लोक विचारतील, नवरा काय करतो? तुम्ही फोटो काढा हो, समाज मी पाहतो."

इतक्या वर्षांनी ती कार्डं मी पत्र्याच्या डब्यातून काढून पाहतो तेव्हा वाटतं, साहेबांनी आमचा तालुका दोन वाक्यांत सांगितला होता. तेव्हा मात्र मला फक्त एवढंच सुचलं, की शेतकरी प्रगतिशील दिसायला हवा. म्हणून मी कोट दिला.

खरं तर त्या वर्षांत आणखीही कॅमेरे आमच्याकडे फिरत होते. मोठ्या शहरातून येणारी ही मंडळी माझ्याकडे बॅटरी चार्ज करायला थांबायची. त्यांना कोट चालत नसे. एकाने तर मला विचारलं, "स्टुडिओत एखादा फाटका सदरा नाही का हो?" म्हणजे कंपनीला हसरा हवा आणि पेपराला रडका. नुसता ओट्यावर बसून बशीतून चहा पिणारा माणूस कोणालाच नको होता, आणि आमच्याकडे तसेच जास्त होते.

तर पहिलाच मानकरी निघाला शेजारच्या खेड्यातला एक काका. वावर ओढ्याकाठी, कापूस खरोखरच उभा राहिलेला. मिशी अशी, की फ्रेममध्ये मावण्यासाठी मला दोन पावलं मागं जावं लागे. काकांना भर दुपारी कोट चढवून पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, उभं केलं. ऊन तोंडावर. सगळ्या फोटोंत काकांचे डोळे मिटलेले. घामानं कोट पाठीला चिकटलेला. "लवकर कर बे फोटोवाल्या," काका ओरडत होते, "अदूगर मी वाळतो का कापूस, तेच पाहू!"

मग मी माझ्या हुशारीला हात घातला. नुकताच सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता. एका फोटोतलं डोकं दुसऱ्या फोटोतल्या मानेवर बसवायला शिकलो होतो आणि ते बसवायला कोणी मिळत नव्हतं. काकांना म्हटलं, बाजाराच्या दिवशी स्टुडिओत या, तोंड सावलीत काढू, धड शेतातलंच ठेवू. काका आले, कोट घातला, तोंड काढून गेले.

त्याच बाजाराला काकांच्याच गावचा एक पोरगा आला. पोरगा म्हणजे तिशीच्या दारात उभा. पुढं आम्ही त्याला नवरदेवच म्हणायला लागलो, तेव्हा इथंही तेच म्हणतो. वडील नव्हते, घरी माय, वावर बरड. कापसात दोन हंगाम घालून बसला होता. त्या साली त्यानं ठरवून कापूस लावलाच नाही, ज्वारी आणि तूर पेरली. गाव त्याला हसायचं. पांढऱ्या सोन्याच्या मुलखात ज्वारी पेरणारा माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडून बसणारा. मुलीचे बाप आधीच शेतकरी म्हटल्यावर मान फिरवत होते, ज्वारी ऐकल्यावर चपला घालत. मध्यस्थाने सांगितलं होतं, फोटो तरी चांगला काढ. म्हणून तो आला, कोट घातला, तोंड काढून गेला.

आता कॉम्प्युटरात फोटो ठेवताना शहाणा माणूस त्याला नाव देतो. मी नावं दिली: कोट एक, कोट दोन, कोट तीन.

पुढचं तुम्हाला कळलं असेल. मला मात्र कळायला उन्हाळा उजाडावा लागला. मान जोडण्यात मी इतका गुंग होतो, सांधा दिसू नये म्हणून इतका बारीक पाहत होतो, की वरचं डोकं कोणाचं आहे हे पाहायचं राहून गेलं. साहेबांनी नमुना पाहिला आणि माझी पाठ थोपटली. "वा! तरुण शेतकरी! नवी पिढी!" मला वाटलं, कॉम्प्युटरात रंग उजळला म्हणून काका तरुण दिसतात.

मे महिन्यात पिशव्या दुकानात आल्या. पिशव्यांतून कार्डं निघाली. आणि बायको जेवायला वाढता वाढता कार्ड हातात धरून म्हणाली, "अहो, काकाची मिशी कुठं गेली?"

त्यानंतरचे दिवस मी दुकानात कसे काढले ते मलाच माहीत. कार्डं पाण्यासारखी पसरली. पानठेल्याच्या काचेखाली गेली, न्हाव्याच्या आरशात खोचली, एसटीच्या पासाच्या पाकिटात शिरली. पोरांनी त्यांचा डाव केला. मागची बाजू झाकून कार्ड टाकायचं, ज्याचे क्विंटल जास्त तो दुसऱ्याचं कार्ड जिंकला. काकांनी सांगितलेला आकडा छापखान्यात जाईपर्यंत चांगलाच वाढला होता, त्यामुळे नवरदेवाचं तोंड हा त्या डावातला एक्का झाला. उमरखेडला लग्नाला गेलेला माझा मेहुणा तिथूनही ते कार्ड घेऊन आला आणि म्हणाला, "तुमच्याकडचा हा पोट्टा तिकडं लई चालून राह्यला."

काका आले ते थेट काउंटरच्या आतच.

"हे वावर कोणाचं हाय?"

"तुमचं, काका."

"हे झाड?"

"तुमचं."

"मंग हा कोण उभा हाय माह्या वावरात? तुही काकू इचारते, तुमी वावर इकलं का काय! सोयरे इचारून राह्यले, वाटणी झाली काय म्हून! बैताडा, तुले तोंड अन् तोंड ओळखू येत नाही अन् तू फोटोचं दुकान चालवतं?"

मी साहेबांना फोन लावला. साहेब मजेत होते. "छापून झालं, वाटून झालं. आणि खपतंय. आता मिशी लावली तर खप पडेल." काकांच्या बाजूनं मी बरंच भांडलो. शेवटी साहेब म्हणाले, पुढच्या हंगामात काकांचं वेगळं कार्ड काढू. हे मी काकांना सांगितलं. काकांनी ते लक्षात ठेवलं. हे वाक्य वाचकांनीही लक्षात ठेवावं.

आणि मग आला नवरदेव. तो ओरडला नाही. स्टुलावर बसला, कोटाकडे पाहत राहिला.

"भाऊ, बाभूळगावकडचे एक पाहुणे हायेत. त्याईनं मागं माहा फोटो वापस पाठवला होता. जवारीवाला नको म्हणे. आता त्याईच्या बियाण्याच्या पिशवीत माहं तोंड निघालं. तोच कोट, तोच फोटो. मध्यस्थाले म्हणाले, आमी चुकलो, हा तर मोठा कास्तकार निघाला, रविवारी घर पाहायले येतो."

"मग चांगलंच झालं की!" माझ्या तोंडातून निघून गेलं.

"काय चांगलं झालं? मी कापूस लावलाच नाही, भाऊ. अन् हे पाचवं घर हाय. हेबी उठून गेलं तर माय हाय खाईन. तुमी रविवारी या अन् तुमच्या तोंडानं सांगा, का गलती तुमची होती. मी सांगतलं तर त्याईले वाटन मीच कार्ड छापून घेतलं."

मी कबूल केलं. कबूल करताना मनापासून केलं होतं, हे नमूद करतो. पण शनिवारी दुपारी मी आधीच त्याच्या घरी चक्कर टाकली, आणि तिथं त्याची माय एकटीच होती. नवरदेव बाजाराला गेलेला. माय पदर डोळ्याला लावून म्हणाली, "यंदा जमलं नाही तर पोट्टा राहून जाते बापू. सांगायचं ते लगन झाल्यावर सांग ना."

मी विरघळलो. आणि विरघळलेल्या अवस्थेत अंगणाकडे पाहिलं, तर माझ्या लक्षात आलं, की आमच्या भागात कापसाचं घर म्हटलं की दाराशी पऱ्हाटीचा ढीग हवाच. कापूस वेचून झाला की झाडं उपटायची, वाळवायची आणि वर्षभर चुलीत घालायची. त्या ढिगावरून लोक घराचा कापूस मोजतात. इथं ढीगच नव्हता! मुलीचा बाप फाटकातच ओळखणार. तो फाटकात ओळखणार म्हणजे मी तिथं यायच्या आत, मी सांगायच्या आत सगळं संपणार. निदान त्याला आत तरी येऊ दे, बसू दे, मग सांगू. हा माझा विचार होता. चांगला वाटला होता.

काका आपल्या लेकीच्या सासरी गेले होते. काकूंना पऱ्हाटी मागितली. "न्या न," काकू म्हणाल्या, "त्यात मले साप दिसून राह्यले दोन दिवसांपासून." बैलगाडी केली, ढीग हलवला, साप सुदैवाने काकूंकडेच राहिला, आणि पऱ्हाटी नवरदेवाच्या अंगणात रचून दिली. दूर होऊन पाहिलं. फ्रेम छान भरली होती. संध्याकाळी पोरगा आला तेव्हा मायनं सांगितलं, सरपणाले आणली.

रविवारी पाहुणे आले. मुलीचे वडील, उन्हानं रापलेले, फार न बोलणारे. आणि मुलीचे मामा, जे त्यांच्या वाटचंही बोलायचे. पोहे झाले, चहा झाला. वडिलांनी खिशातून कार्ड काढून सतरंजीवर ठेवलं आणि नवरदेवाकडे पाहिलं.

"यंदा कोणतं बियाणं टाकून राह्यले मंग?"

नवरदेवानं माझ्याकडे पाहिलं. हीच ती वेळ होती. मी घसा साफ केला, आणि काय सांगू, मला बियाण्याबद्दल बोलता यायला लागलं. साहेबांच्या तोंडून ऐकलेलं सगळं बाहेर पडू लागलं. फुटवे, फांद्या, बोंडाचं वजन, अंतर, खताची मात्रा. उन्हाळाभर कंपनीचा भोंगा ऐकून ऐकून माझाच भोंगा झाला होता. नवरदेव मला कोपरानं ढोसत होता आणि मला वाटलं, तो म्हणतोय, अजून बोला. मामा तर खूश झाले. "वा! अन् तुमी कोण म्हणाले?"

"फोटोवाले," नवरदेव म्हणाला.

वडील हात धुवायला अंगणात गेले. तांब्या घेऊन पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभे राहिले. मग एक काडी उपसली. मग ढिगाच्या बुडाशी पायानं चाचपलं. खाली ओल होती, शेणसड्याची, ताजी. वर्षभर पडलेल्या ढिगाखाली कोणी सडा टाकत नाही. मला कापूस माहीत नव्हता, हे मान्य. पण सडाही माहीत नसावा?

तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"माही पऱ्हाटी कोणं आणली रे इकडं?"

काका लेकीकडून वापस आले होते. त्यांनी आधी ढीग पाहिला, मग मला पाहिलं, मग सतरंजीवरचं कार्ड पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"पहिले माहं तोंड नेलं, आता पऱ्हाटी नेली! उद्या येऊन काकूले ने बे!"

 मामा "काय भानगड हाय ही, काय भानगड हाय" म्हणत गोल फिरत होते. माय चुलीपाशी तोंड झाकून बसली. मी म्हणालो, "मी सांगतो." आणि त्यावर सगळे एकदम माझ्याकडे असे वळले, की मी ते पुढं कधीच सांगितलं नाही.

नवरदेव उठला. मुलीच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिला.

"कार्डावरचं वावर काकाचं हाय. पऱ्हाटी काकाची हाय. कोट या फोटोवाल्याचा हाय. मी कापूस लावतच नाही. माहं म्हणसान तर ते एक हाय." आणि त्यानं घरामागं बोट दाखवलं. तिथं कडब्याची गंजी उभी होती, छपरापेक्षा उंच, नीट शाकारलेली. आदल्या दिवशी मी अख्खं अंगण फोटोग्राफरच्या नजरेनं पाहिलं होतं आणि ती मला दिसली नव्हती. ज्वारीचा एवढा मोठा पुरावा मागं उभा ठेवून मी पुढं कापूस रचत होतो!

वडिलांनी गंजीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चपला घातल्या. मामा फाटकापर्यंत बोलतच गेले. कार्ड सतरंजीवरच राहिलं. नवरदेवानं ते उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "भाऊ, आता घरी जा."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "तुमाले सांगायले बोलावलं होतं का रचायले?" एवढंच विचारलं. मग तीन दिवस वांग्याची भाजी केली. मला वांगं आवडत नाही.

मृग निघून गेला, पाऊस आला नाही. कापसाच्या गावांत ज्वारी नाही म्हणून कडबा नाही. सरकीच्या ढेपेला भाव चढलेला, कुटार-भुसा संपलेला, बैल उभ्या जागी वाळायला लागले. अशा एका सकाळी नवरदेवाच्या फाटकाशी ट्रॅक्टर येऊन थांबला. मुलीचे वडील होते. मामा नव्हते. हे मला मायनं पुढं इतक्या वेळा सांगितलं आहे, की मी तिथं होतो असंच मला वाटतं.

ते म्हणाले, "बैलं उपाशी हायेत. कडबा देता काय?"

नवरदेवानं गंजी उघडली. दोघांनी मिळून पेंढ्या भरल्या. पोटभर पाणी प्याले. ट्रॉली बांधून झाल्यावर वडिलांनी दोराची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि गाठीकडेच पाहत मायला विचारलं, "पोरगी पाहायले कवा येता मंग?"

तुळशीचं लग्न आटोपल्यावर लग्न झालं. फोटो मीच काढणार होतो, फुकट, हे बायकोनं परस्पर कळवून टाकलं होतं. मी कोट इस्त्री करून, मधली गुंडी लावून सोबत नेला. नवरदेवानं तो लांबूनच पाहिला आणि पांढऱ्या सदऱ्यावर उपरणं नीट केलं.

"कोट नको, भाऊ. माहं तोंड माह्याच धडावर राहू द्या."

आता काकांच्या वेगळ्या कार्डाचं मघाचं ते वाक्य. पुढच्या हंगामाची तयारी तोवर सुरू झाली होती. कंपनीनं ते वाण बंद करून नवं काढलं होतं. साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी मला नव्या कार्डाचा नमुना दाखवला, आणि त्यावर शेतकरीच नव्हता. सिनेमातला एक नट बोंड हातात धरून उभा होता. त्याला स्वतःचा कोट होता. आमचे निळ्या कोटातले कास्तकार एका उन्हाळ्यापुरतेच छापले गेले आणि संपले. काकांना हे कोण सांगणार? मी सांगणार होतो. मी तर सगळंच सांगणार असतो.

मांडवात नवरा-नवरी उभी राहिली, मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि काका समोर आले.

"माहं कार्ड?"

मी सांगितलं. नट, बोंड, सगळं.  काकांनी माझ्या खांद्यावरचा कोट ओढून घेतला, घातला, मिशीवरून हात फिरवला आणि तडक जाऊन नवरा-नवरीच्या मधोमध उभे राहिले.

"काका, जरा बाजूला," मी म्हणालो. "लग्नाचा फोटो आहे."

"हा माह्या वावरात उभा राह्यला तवा मी बाजूले होतो ना? आता याच्या लग्नात मी उभा राह्यतो. काढ."

नवरी पदराआड हसत होती. तिचे वडील पंगतीच्या टोकाला उभे होते, तेही पहिल्यांदाच हसताना दिसले. नवरदेव म्हणाला, "काढा भाऊ, काढा. नाही तर काका पऱ्हाटी मागते."

मी काढला. काकांचे डोळे त्यातही मिटलेले आहेत. पण या वेळी मी कॉम्प्युटर लावला नाही.